*झऱ्याचं पाणी तपासा, झऱ्यावरचा डोंगरही बघा*



पाऊस तोंडावर आलाय. पहिल्या पावसात झऱ्या-विहिरींत सगळी घाण उतरते. ऐन पेरणीत घरात जुलाब-उलट्या लागल्या की कामाचे दिवसही जातात आणि दवाखान्यात पैसाही.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या 5 महिलांना पाणी तपासणी शिकवायची सोय आहे. आपल्या गावातल्या ताई कोण, ते ग्रामपंचायतीत विचारा.

*जंतू तपासायची बाटली (एच-टू-एस)*
1️⃣ टीसीएल टाकण्याआधीचं पाणी घ्या.
2️⃣ खुणेपर्यंत भरा. झाकणाला आतून बोट लावू नका.
3️⃣ 24 ते 48 तास घरात सावलीला ठेवा.
4️⃣ पाणी काळं झालं तर त्यात जंतू आहेत.

ही बाटली फक्त जंतू दाखवते, खत-औषधाचा अंश नाही.

*काळं झालं तर*
विहीर असेल तर जलसुरक्षकाकडून टीसीएल टाकून घ्या आणि अर्धा तास थांबा. वाहत्या झऱ्यात टीसीएल टिकत नाही. ते पाणी घरी गाळून उकळा.

*मुळावर इलाज*
गढूळ पाण्यात टीसीएल नीट काम करत नाही. आणि गढूळपणा येतो उघड्या डोंगरावरून. झाडं आणि पालापाचोळा असला की पाऊस जमिनीत मुरतो. नसला की माती, शेण, घाण घेऊन सरळ झऱ्यात येतो. असा उघडा डोंगर पाणी धरत नाही, म्हणून एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात हंडे घेऊन लांब जावं लागतं.

खरं बोलायचं तर राबासाठी फांद्या आपणच तोडतो. झऱ्याच्या वरच्या अंगाची तरी तोडू नका. भाताचं रोप गादीवाफ्यावर टाका. चारसूत्री पद्धतीप्रमाणे वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते 1 किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळा, सोबत कुजलेलं शेणखत द्या. राब भाजायची गरज राहत नाही.

वनहक्क कायदा 2006, कलम 5 प्रमाणे जंगल आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. झऱ्यावरची तोड, वणवा आणि गुरं बसवणं बंद करायचा ठराव येत्या ग्रामसभेत घ्या.

✅ *पहिल्या पावसानंतर 8 दिवसांत तपासणी करा. बाटलीचा फोटो आणि झऱ्याचं नाव ग्रुपवर टाका.* काळी आली तरी लाजू नका, खालच्या पाड्यालाही तेच पाणी जातं.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, हरसूल