ट्रॅकची गाडी, भाग 7 : चाकात सेन्सर हवा की हातात गेज?

मागच्या भागात ट्रॅकसाठी रिम आणि टायरचा दुसरा जोड ठेवण्याविषयी लिहिलं होतं. तो जोड घेताना दुकानदार विचारतोच, हवेचा दाब सांगणारे सेन्सरही बसवू का? चार सेन्सर, शिवाय ते गाडीला ओळखवून देण्याची मजुरी. एवढा खर्च करावा की नाही, ते ठरवण्याआधी ट्रॅकवर टायरमधल्या हवेचं काय होतं ते पाहू.

टायर तापला की आतली हवा तापते आणि दाब वाढतो. समजा सकाळी 27 अंश तापमानाला टायरमध्ये 28 पीएसआय हवा आहे. वातावरणाचा 14.7 धरला तर खरा दाब झाला 42.7. काही फेऱ्यांनंतर आतली हवा 77 अंशांवर गेली, म्हणजे केल्विनच्या मापात 300 वरून 350 वर. त्याच प्रमाणात दाब वाढतो आणि गेजवर सुमारे 35 दिसतात. सात पीएसआयचा हा फरक ट्रॅकवर फार मोठा. दाब जास्त झाला की टायरचा मधला भाग फुगतो, रस्त्याला टेकणारी जागा कमी होते आणि पकड सुटू लागते. म्हणून जाणकार ‘गरम दाब’ ठरवतात आणि तिथून मागे हिशेब करतात. गरम असताना 32 हवे असतील तर थंड असताना 25 च्या आसपास भरावे लागतात.

आता गाडीत कंपनीने दिलेल्या यंत्रणेकडे येऊ. अमेरिकेत फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्सप्लोररच्या अपघातांनंतर 2000 साली कायदा झाला, त्यातून ही यंत्रणा सक्तीची झाली. तिथला नियम असा, की शिफारस केलेल्या दाबापेक्षा 25 टक्के हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. दारावरच्या पट्टीवर 34 लिहिलं असेल तर ही मर्यादा 25.5 येते. म्हणजे मुद्दाम 25 भरून पिटमधून निघालात की दिवा लागलेलाच! गाडीच्या दृष्टीने ती चूक आहे, तुमच्या दृष्टीने तयारी. पोर्शच्या 911 जीटी3सारख्या गाडीत ट्रॅकसाठी वेगळी सेटिंग मिळते, पण बहुतेक गाड्यांत ती नसते.

दुसरी अडचण वेळेची. चाक फिरत असताना हे सेन्सर साधारण मिनिटाला एकदा आकडा पाठवतात. दाब झपाट्याने पडला तर बरेच सेन्सर लगेच कळवतात, पण एरवी पडद्यावर दिसणारा आकडा थोडा शिळा असतो. म्हणून दाब ठरवण्याचं काम सेन्सरवर टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फेऱ्या संपवून पिटमध्ये आलात की लगेच, टायर निवायच्या आत, चांगल्या गेजने चारही चाकं मोजा आणि जास्तीची हवा सोडा. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने असेल तर डावी चाकं जास्त तापतात. त्यामुळे चारही चाकांत सारखाच आकडा येईल अशी अपेक्षा धरू नका.

मग सेन्सर कशासाठी? हळूहळू जाणाऱ्या हवेसाठी. कर्बवरून जाताना एखादा तुकडा टायरमध्ये रुततो. सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही, आणि पुढच्या वेगवान वळणात मागचं चाक दगा देतं. तिथे वीस-तीस सेकंद आधी मिळालेली सूचना जिवावरचं संकट टाळू शकते. जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफेची एक फेरी 20.8 किलोमीटरची आहे, अर्ध्यात पिट नाही. तिथे पर्यटक-फेऱ्यांसाठी गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असावीच लागते, आणि युरोपात नोव्हेंबर 2014 पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची आहे. तिथे जाणाऱ्याने हा खर्च वाचवायला जाऊच नये.

आपल्याकडे पुण्या-मुंबईचे बरेच हौशी चालक कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा श्रीपेरुंबुदूरजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक गाठतात. हजारेक किलोमीटर महामार्गावर त्याच ट्रॅकच्या टायरवर जाणार असाल तर सेन्सर बसवाच. गाडी ट्रेलरवर नेऊन टायर तिथेच बदलणार असाल, आणि ट्रॅक कारीसारखा जेमतेम 2.1 किलोमीटरचा असेल, तर आधी पैसे उत्तम गेजवर घाला.

बसवायचेच ठरलं तर मूळ सेन्सरचाच क्रमांक नव्या सेन्सरमध्ये उतरवता येतो का ते विचारा. मग दर वेळी चाकं बदलली तरी गाडीला नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. रबरी व्हॉल्व्हऐवजी धातूचा घ्या, वेगात तोच भरवशाचा. टायर उतरवणाऱ्याला सेन्सर आहे हे आधी सांगा, नाहीतर यंत्राच्या दाबाखाली तो तुटतो. आतली बॅटरी बदलता येत नाही आणि साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. जुना जोड विकत घेत असाल तर सेन्सरचं वय विचारूनच किंमत ठरवा.