नोटेवरचा लेझर

नाशिकच्या गंगापूर रोडवर कुणापुढे ‘लेझर’ म्हणा, त्याला दोन गोष्टी आठवतात: नको असलेले केस काढून देणारी क्लिनिकं आणि गणपतीची मिरवणूक. दुसरी आठवण कडू आहे. 2023च्या विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण आले. मिरवणुकीतल्या लेझरचा झोत थेट डोळ्यात गेला होता. आणि त्याच्या पाच वर्षं आधी, 2018 साली, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी लेझर मुद्दाम डोळ्यावरच बसवून पाहिला होता! डोळा गाईचा, वर काँटॅक्ट लेन्स आणि लेन्सवर लेझरचा पापुद्रा. निघालेला किरण डोळ्याला सोसेल इतका मंद.

मराठी मुलखाला लेझर परका नाही. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले सी. के. एन. पटेल यांनी 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. ॲक्रिलिकच्या पाट्या कापणारी यंत्रं आजही त्यावर चालतात. पण तो नळीतल्या वायूचा, दांडगा गडी. आपला विषय त्याच्या चिमुकल्या भावंडाचा, म्हणजे अर्धवाहकापासून बनणाऱ्या लेझरचा. तो 1962 साली अमेरिकेत जन्मला आणि साठच्या दशकाच्या मध्यावर तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुसंशोधन केंद्रातही तयार झाला. आज चेहरा पाहून उघडणाऱ्या आयफोनमध्ये तोच असतो. चेहऱ्यावर तो तीस हजारांवर अदृश्य ठिपके टाकतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

अडचण एकच, हा लेझर ज्यावर घडतो ती गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाची चकती म्हणजे पापड. वाकवायला गेलात की तुकडे. यावर 1987 साली संशोधक एली याब्लोनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी देखणी युक्ती काढली. चकती आणि वरचा कामाचा थर यांच्यामध्ये ॲल्युमिनियम आर्सेनाइडचा पातळ थर ठेवायचा आणि सगळं हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवायचं. मधला थर तेवढा विरघळतो, वरचा अलगद सुटतो. इतका पातळ झाला की हा ठिसूळ पदार्थही वाकतो आणि प्लास्टिकवर चिकटवता येतो. पुढे सिलिकॉन रबरावर असे सूक्ष्म लेझर बसवले गेले. रबर ताणलं की लेझरमधल्या छिद्रांच्या नक्षीतलं अंतर बदलतं, त्याबरोबर प्रकाशाचा रंगही किंचित सरकतो. म्हणजे ताण मोजण्याचं साधन आयतंच मिळालं.

सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी याच्या पुढे जाऊन स्फटिकाला रजाच दिली. त्यांच्या लेझरमध्ये अर्धवाहक स्वतःच पॉलिमर आहे. पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी आणि त्यावर अतिसूक्ष्म समांतर रेघा उमटवलेल्या. दोन रेघांमधलं अंतर ठरवलं की रंग ठरला. अशी खूण नक्कल करायला महाकठीण. म्हणूनच त्यांनी हा पापुद्रा प्लास्टिकच्या नोटेवरही लावून पाहिला.

हे वाचून मी नाशिककर म्हणून सावध झालो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकरोडला, 1928 पासून नोटा छापल्या जातात. ऑस्ट्रेलियाने 1988 साली प्लास्टिकची नोट काढली. आपल्याकडे 2014 साली पाच शहरांत दहा रुपयांच्या प्लास्टिक नोटांची चाचणी जाहीर झाली, त्या पाचांत नाशिकचं नाव नव्हतं. नोटांचा छापखाना इथे, पॉलिमरवर काम करणारी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुण्यात, लेझर जाणणारी माणसं तुर्भ्यात; तिन्ही ठिकाणं एका दिवसात फिरून येण्याजोगी. आपल्याकडे कमी काय असेल तर ही माणसं एका टेबलाशी बसवणं.

उगाच हुरळून जायचंही कारण नाही. नोटेवरच्या त्या पापुद्र्याला चेतवायला बाहेरून प्रकाशाचे स्पंद द्यावे लागतात. नोट तपासायला वाण्याने गल्ल्याशेजारी आणखी एक लेझर ठेवायचा म्हटल्यावर झालंच! शिवाय या पॉलिमरसारखे सेंद्रिय पदार्थ प्रकाशात आणि हवेत लवकर खराब होतात. पहिल्या अडचणीवर तोडगे निघू लागले आहेत. विजेवर थेट चालणारा सेंद्रिय लेझर 2019 साली जपानच्या क्युशू विद्यापीठातून जाहीर झाला. 2023 साली सेंट अँड्र्यूजनेच ओएलईडी या सेंद्रिय दिव्याच्या प्रकाशावर सेंद्रिय लेझर चालवून दाखवला, म्हणजे बाहेरच्या लेझरची गरज संपली. दिशा बरोबर आहे, पण हे यश प्रयोगशाळेच्या टेबलावरचं आहे.

गंगापूर रोडवरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी प्रोजेक्टसाठी विषय शोधताना इकडे जरूर बघावं. नाशिकरोडला छापली जाणारी नोट तूर्त तरी सुती कागदाचीच आहे.