शिसं, पितळ आणि लाल झेंडा

परदेशातल्या कित्येक शूटिंग रेंजवर आत शिरण्याआधी काडतुसाच्या टोकाला लोहचुंबक लावून पाहतात. चिकटला, तर काडतूस पिशवीत परत. आपल्याकडे खासगी रेंज मोजक्या, त्यामुळे हा प्रकार फारसा दिसत नाही. पण तो चुंबक ज्या गोष्टीचा शोध घेतो, तिच्यावरच कुठल्याही चांदमारीचे नियम उभे आहेत. गोळी कशाची आहे, हा पहिला प्रश्न. बंदूक कोणती, नेमबाज कोण, हे सगळं त्यानंतर.

हा प्रश्न समजून घ्यायला बेळगाव-निपाणीसारखा मुलूख नाही. निपाणीहून दक्षिणेला निघालं की पाऊणशे किलोमीटरवर बेळगाव. तिथे 1922 पासून मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे. इन्फंट्री स्कूलची कमांडो प्रशिक्षण देणारी शाखा आहे, हालभावीला आयटीबीपी आहे, मच्छेला राज्य राखीव पोलीस आहेत, आणि खानापूरच्या जंगलाकडे सीआरपीएफच्या कोब्रा दलाची शाळा. उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूर. तिथल्या नेमबाजांनी जागतिक पदकं आणली. एका बाजूला फौजी काडतूस, दुसऱ्या बाजूला खेळाचं. दोन्ही रायफलीतूनच सुटतात, पण धातूंच्या हिशेबात त्यांचं गोत्र वेगळं.

काडतुसाचे भाग चार: पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. पुंगळी बहुधा पितळेची असते; शंभर भागांत साधारण सत्तर तांबं आणि तीस जस्त. पितळ दिसायला छान म्हणून नव्हे, त्याच्या स्वभावामुळे निवडलेलं असतं. दारू पेटली की पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते आणि वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे, येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते, म्हणून सहज ओढून काढता येते. पोलादाची पुंगळी स्वस्त पडते, पण इतकी समजूतदार नसते. नव्या फौजी काडतुसाच्या मानेशी कधीकधी निळसर-तपकिरी डाग दिसतो. नवखा त्याला खराब माल समजतो. खरं तर तो भाग मुद्दाम तापवून मऊ केल्याची ती खूण, नाहीतर मान पुढे तडकते.

हे सगळं महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या बनतं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 मधला. त्याची ‘केएफ’ ही अक्षरं पुंगळीच्या बुडावर कोरलेली असतात आणि परवानाधारक शिकाऱ्यांच्या जुन्या पिढीला ती देवाच्या नावासारखी पाठ होती. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना 1964 चा. 2021 साली आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा दोन्ही म्युनिशन्स इंडियाकडे गेले.

खरा पेच गोळीत आहे. शिसं जड, मऊ आणि स्वस्त. पण वेगवान रायफलीच्या नळीत नुसतं शिसं टिकत नाही. घर्षणाने आणि उष्णतेने नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, ते माखून बसतं. म्हणून शिशावर तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचं आवरण, म्हणजे जॅकेट, आलं. काही देशांनी पैसे वाचवायला पोलादी जॅकेटवर तांब्याचा नुसता मुलामा दिला. अशा गोळीला आत निव्वळ शिसं असूनही चुंबक चिकटतो, आणि रेंजच्या फाटकावर भांडणं होतात ती इथेच. तिसरा प्रकार गाभ्यातच पोलाद असलेला. नाटोच्या 5.56 मिलीमीटरच्या एसएस-109 गोळीत शिशाच्या पुढे पोलादी टोक बसवलेलं असतं. एके-47 च्या मूळ रशियन गोळीत मऊ पोलादाचा गाभा असतो.

मऊ शिसं आघाताने चपटं होतं, आपली ऊर्जा जागीच सोडतं. पोलादी गाभा तसं करत नाही. लोखंडी लक्ष्याला तो खड्डे पाडतो, गोळ्या अडवायच्या पत्र्याला भोक पाडतो, दगडावर आपटून भलत्या दिशेला उसळतो. वाळलेल्या गवतात त्याच्या ठिणगीने वणवा पेटू शकतो, आणि सीमाभागातल्या माळावर मार्च-एप्रिलचं गवत कसं असतं हे सांगायला नको. म्हणून फौजी रेंजचा बांध मातीचा आणि उंच असतो, दगड वेचून काढलेला. त्यामागेही बराच मुलूख मोकळा ठेवावा लागतो, कारण फौजी रायफलीची गोळी अडीच-तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब जाऊ शकते. गोळीबार चालू असल्याची खूण म्हणजे लाल झेंडा; तो वर असेपर्यंत त्या पट्ट्यात गुरं वळायला जायचं नसतं.

लष्कराला खुल्या माळावर सराव करायचा असेल तर त्यासाठी 1938 चा स्वतंत्र कायदा आहे. सरकारने क्षेत्र अधिसूचित करायचं, गावात दवंडी पिटायची, स्थानिक भाषेत नोटीस चिकटवायची, माणसं-गुरं तात्पुरती हलवायची आणि नुकसानीची भरपाई द्यायची. कागदावर हे शहाणपणाचं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते अहिल्यानगरच्या के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्राभोवतालच्या गावांना विचारावं. पिढ्या गेल्या, पण जमीन जाण्याची धास्ती गेलेली नाही.

पुंगळ्यांचा हिशेब हा फौजी रेंजवरचा आणखी एक कडक विधी. जेवढे राऊंड दिले तेवढ्या पुंगळ्या परत. एक कमी भरली तर अख्खी तुकडी गवत चाळत बसते, आणि निघण्यापूर्वी आपल्याकडे जिवंत काडतूस वा रिकामी पुंगळी नाही हे प्रत्येक जवान मोठ्याने सांगतो. पितळेला भंगारात भाव आहे हे कारण खरं. पण पुंगळीच्या आडून जिवंत काडतूस बाहेर जाऊ नये, हे त्याहून मोठं.

आता कोल्हापूरकडे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. 2010 मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत तेजस्विनी सावंतने 50 मीटर प्रोनचं सुवर्ण घेतलं होतं. दोघांची गोळी पॉइंट टू-टूची: अडीच ग्रॅमच्या आसपास, जॅकेट नाही, उघडं शिसं. आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो की गोळी शिशाची किंवा तशाच मऊ पदार्थाची हवी. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलीमीटर व्यासाचं असतं. तिथे वेग दुय्यम, प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखी निघणं महत्त्वाचं. मऊ शिसं नळीच्या आट्यांना नीट धरतं, हा त्याचा गुण. बहुतेक मुलं मात्र सुरुवात करतात ती दहा मीटर एअर रायफलवर, 4.5 मिलीमीटरच्या छऱ्याने.

मऊपणाचीही किंमत आहे. प्रायमरमध्ये बहुधा शिशाचं संयुग असतं आणि गोळीचंही शिसं उडतं. बंदिस्त रेंजवर ते हवेत तरंगतं. म्हणून हवा नेमबाजाकडून लक्ष्याकडे खेचणारी यंत्रणा हवी, रेंजवर खाणं-पिणं बंद, घरी जाण्याआधी हात-तोंड धुणं सक्तीचं, आणि कोरडा झाडू मारायचा नाही. आपल्या प्रशिक्षकांनी मुलांच्या आई-वडिलांना पदकांआधी हे सांगायला हवं, असं माझं मत आहे.

सीमाभागाला आणखी एक नियम लागतो, धातूशी संबंध नसलेला. परवान्यावर त्याचं क्षेत्र लिहिलेलं असतं. निपाणीच्या एखाद्याचा परवाना फक्त कर्नाटकापुरता असेल, तर कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कागलच्या हद्दीत शिरताच तीच बंदूक बेकायदा ठरते. कोल्हापूरला सरावाला जाणाऱ्याने रायफल पेटीत ठेवण्याआधी परवान्याचा तो रकाना वाचलेला बरा.

शिसं टाळायचं तर निव्वळ तांब्याची गोळी मिळते. तिचा धूर कमी विषारी, पण ती महाग आणि कडक असल्याने उसळण्याचा धोका वाढतो; म्हणजे बांध आणि मागची मोकळी जमीन, दोन्हींचा हिशेब नव्याने मांडायचा. युरोपीय संघाने फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागी शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणली आहे. पॉइंट टू-टूच्या नेमबाजांना मात्र शिशाच्या तोडीचा पर्याय अजून हाती लागलेला नाही.