वने, वननिवासी आणि हवामान-करारांची भाषा



कायद्याच्या आणि कराराच्या भाषेत प्रत्येक शब्दाला व्यवहारमूल्य असते, हे विधान आपण अनेकदा वाचतो. परंतु एखाद्या विरामचिन्हावर किंवा एकवचन-अनेकवचनाच्या भेदावर माणसांचे हक्क अवलंबून असू शकतात, यावर सहजासहजी विश्वास बसत नाही. प्रस्तुत घटकात आपण संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक वाटाघाटींत वने आणि वननिवासी समुदाय यांचा उल्लेख कसकसा होत गेला, हे भाषेच्या अंगाने पाहणार आहोत.

१. वने वाटाघाटींत कशी आली?

हवामानबदलविषयक मूळ करार १९९२ साली झाला. १९९७ च्या क्योटो करारानुसार विकसनशील देशांत नवी झाडे लावण्याच्या प्रकल्पांना कार्बन-पतगुण मिळू शकत होते. उभे असलेले जंगल तोडले नाही, तर मात्र त्याचे श्रेय कोणालाच मिळत नव्हते. २००५ मध्ये माँट्रियल येथील परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका या देशांनी ही उणीव पुढे आणली. जंगलतोड थांबवणाऱ्या विकसनशील देशांना आर्थिक मोबदला मिळावा, या कल्पनेतून 'रेड' ही योजना आकाराला आली. जंगलतोड आणि वनांचा ऱ्हास यांतून होणारे उत्सर्जन कमी करणे, हा तिचा हेतू.

हेतू चांगला होता. पण त्यात एक धोका दडलेला होता. जंगलाला पैशाचे मोल आले, की त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना 'अतिक्रमक' ठरवून बाहेर काढण्याचा मोह शासनांना आणि कंपन्यांना होऊ शकतो. म्हणून समुदायांच्या प्रतिनिधींनी संरक्षणाची मागणी केली. ही मागणी कराराच्या मजकुरात उतरते की नाही, हा खरा प्रश्न होता.

२. एक विरामचिन्ह आणि एक अनेकवचन

या परिषदांत मतदानाने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय होतात. ज्या शब्दांवर एकमत झालेले नसते, ते मसुद्यात चौकटी कंसात ठेवले जातात. वाटाघाट म्हणजे बव्हंशी हे कंस उघडण्याचे काम होय.

२००७ च्या बाली येथील मसुद्यात जंगलतोड रोखण्याचा उल्लेख आधी होता. त्यानंतर अर्धविराम होता आणि मग वनसंवर्धनाचा उल्लेख होता. त्या अर्धविरामामुळे संवर्धन दुय्यम ठरते, असा अर्थ काढता येत होता. जंगले राखण्यावर आणि वाढवण्यावर भर देणाऱ्या भारतासारख्या देशाला हे मान्य नव्हते. पुढच्या वर्षी पोलंडमधील पोझनान येथे अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम आला आणि दोन्ही गोष्टी समान पातळीवर आल्या. पुढे 'रेड' या संक्षेपाला जोडले गेलेले अधिकचे चिन्ह याच विस्ताराचे द्योतक आहे.

त्याच पोझनानच्या मजकुरात दुसरा बदल झाला. इंग्रजीतील 'पीपल्स' या शब्दातील अंत्य 'स' गळला आणि 'पीपल' उरले. हक्कांचा उल्लेखही वगळला गेला. 'पीपल' म्हणजे सुटी सुटी माणसे. 'पीपल्स' म्हणजे स्वतःची भूमी, संस्था आणि सामूहिक हक्क असलेले जनसमूह. २००७ च्या आदिवासी जनसमूहांच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात हेच सामूहिक हक्क मान्य झाले आहेत. १४४ देशांनी त्याच्या बाजूने मत दिले होते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी विरोधात. पोझनानमध्येही विरोध याच देशांकडून झाला. 'हक्क नाहीत, तर रेडही नाही' अशा अर्थाच्या घोषणा तेथे दुमदुमल्या. त्या घोषणांमागे एका अक्षराची लढाई होती.

३. क्रियापदांचे वजन

२०१० च्या कानकून येथील निर्णयात गळलेला 'स' परत आला. या निर्णयाला जोडलेल्या सात संरक्षक तत्त्वांत आदिवासी जनसमूहांच्या आणि स्थानिक समुदायांच्या ज्ञानाचा व हक्कांचा आदर, त्यांचा पूर्ण व परिणामकारक सहभाग आणि नैसर्गिक वनांचे रूपांतर न होऊ देणे, यांचा समावेश आहे. मात्र आता क्रियापदांकडे पाहा. ही तत्त्वे 'प्रोत्साहित केली जावीत' असे म्हटले आहे. 'पाळली जातील' असे नाही. जाहीरनाम्याची तर केवळ 'नोंद घेतली' आहे.

२०१५ च्या पॅरिस करारातही हेच दिसते. समुदायांच्या हक्कांचा उल्लेख प्रस्तावनेत आहे, कलमांत नाही. वनांविषयीच्या पाचव्या कलमात 'शूड', म्हणजे 'करावे', हे रूप आहे; 'शॅल', म्हणजे 'करतील' किंवा 'करणे बंधनकारक आहे', हे नाही. मराठीत अनुवाद करताना दोन्हींसाठी सरसकट 'करावे' वापरले, तर बंधन आणि अपेक्षा यांतील भेदच पुसला जातो.

४. 'वन' म्हणजे काय?

व्याख्येचेही असेच आहे. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रात दहा टक्के वृक्षाच्छादन असले, की त्याची गणना वनाच्छादनात करते. मग ती फळबाग असो वा नैसर्गिक अरण्य. उपग्रहाला दोन्ही हिरवीच दिसतात. मोहाची फुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्या बाईला मात्र दोन्ही सारखी नसतात.

५. आपल्या जवळचे उदाहरण

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभाही सर्वसहमतीने निर्णय घेते. पण त्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेतला जातो. मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती हे २००७ च्या जाहीरनाम्यातील तत्त्व येथे रोजच्या व्यवहारात दिसते. या ग्रामसभेत आणि जागतिक परिषदेत मूलभूत फरक एकच: येथे निर्णय घेणारे आणि निर्णयाचे परिणाम भोगणारे एकच असतात.

सारांश

करार जंगल वाचवत नाहीत; जंगल माणसे वाचवतात. परंतु त्या माणसांना हक्काने बोलता यावे, यासाठी कराराची भाषा नेमकी असावी लागते. तुमच्यापैकी कोणी उद्या ग्रामपंचायतीत, अनुवाद-कचेरीत किंवा वर्तमानपत्रात काम कराल, तेव्हा एखादा ठराव लिहिताना क्रियापद कोणते वापरतो आहोत, याकडे क्षणभर थांबून पाहा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. 'करावे', 'करतील' आणि 'करण्यास प्रोत्साहन दिले जाईल' यांतील बंधनाची तीव्रता सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील किंवा प्रभागातील एखादा ठराव मिळवा. त्यातील प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून, कोणावर कोणते बंधन येते, ते लिहा.