खरेदी, खाते आणि सन्मान : चेन्नईच्या बाजारातून

चेन्नईच्या त्यागरायनगरास सारे शहर ‘टी. नगर’ म्हणूनच ओळखते. मांबलम रेल्वे स्थानकातून बाहेर पडताच रंगनाथन रस्त्याची गर्दी सुरू होते आणि स्टीलच्या भांड्यांपासून कांजीवरम साड्यांपर्यंत सर्व काही हारीने मांडलेले दिसते. जवळच्या पाँडी बाजारात २०१९ मध्ये पदपथ रुंद करून पादचाऱ्यांची सोय करण्यात आली. तरीही दिवाळीच्या आधी तेथे पाय ठेवावयास जागा नसते. एवढ्या गर्दीत कोणा गिऱ्हाइकाकडे निरखून पाहण्यास कोणास सवड नसावी असे वाटते. तथापि काही गिऱ्हाइकांकडे पाहिले जातेच.

तृतीयपंथी स्त्रियांचा दुकानाशी असलेला संबंध तमिळनाडूत, आणि आपल्याकडेही, वर्षानुवर्षे उंबरठ्याबाहेरचा राहिला. दुकानापुढे टाळी वाजवावी, धन्यास आशीर्वाद द्यावा आणि हातावर पडेल ते घेऊन पुढे जावे, अशी ती रीत होती. तीच व्यक्ती आत येऊन साडी दाखवावयास सांगते तेव्हा ती ग्राहक असते. मागणारीची ग्राहक होणे हे वरकरणी लहानसे स्थित्यंतर आहे. पण त्यासाठी हाती नियमित पैसा, ओळखीचा कागद आणि दुकानदाराची बदललेली दृष्टी या तिन्हींची गरज लागते.

या बाबतीत तमिळनाडूने इतर राज्यांच्या बरेच आधी पाऊल उचलले. तेथे ‘तिरुनंगै’ हा शब्द रूढ झाला. ‘तिरु’ म्हणजे आदराचा ‘श्री’ आणि ‘नंगै’ म्हणजे स्त्री. राज्य शासनाने २००८ मध्ये तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र कल्याण मंडळ स्थापन केले; असे मंडळ देशात पहिलेच होते. त्याच सुमारास त्यांना शिधापत्रिकाही मिळू लागल्या. रेशनचे दुकान हे गरिबाचे पहिले दुकान. तेथे स्वतःच्या नावाने पिशवी पुढे करता येणे ही गोष्ट साधी नव्हे. पुढे २०२१ मध्ये साध्या शहरी बसगाड्यांतून स्त्रियांप्रमाणेच तृतीयपंथीयांनाही विनामूल्य प्रवासाची सवलत देण्यात आली.

सर्वसामान्य जनतेस खुल्या असलेल्या वस्तू व सेवा नाकारणे अथवा त्या देताना अन्याय्य वागणूक देणे यास २०१९ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ३ ने मनाई केली. कपडे घालून पाहण्याच्या खोलीपाशी मात्र कोणी कायद्याचे पुस्तक घेऊन जात नाही. तेथे उपयोगी पडते ती सोय : स्त्री-पुरुष अशा पाट्यांऐवजी प्रत्येकास आतून कडी लावता येईल अशा स्वतंत्र खोल्या, आणि ‘काय दाखवू?’ एवढेच विचारणारा विक्रेता. यासाठी दुकानदारास फारसा खर्चही येत नाही.

खरी अडचण पुढे पैसे देताना येते. ग्राहक तिरुनंगै असते, आणि कार्डावर छापलेले किंवा मोबाइलवरून पैसे देताना उमटणारे नाव मात्र जन्माच्या वेळी ठेवलेले, पुरुषाचे! काउंटरवरील कर्मचारी नावाकडे पाहतो, मग चेहऱ्याकडे, आणि मागची रांग ऐकत असते. या प्रश्नाचे उत्तर दुकानात नसून बँकेत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निर्णयानंतर रिझर्व्ह बँकेने २३ एप्रिल २०१५ रोजी बँकांना आपल्या अर्जांत तृतीयलिंगाचा पर्याय ठेवण्यास सांगितले. पॅनच्या अर्जात तो २०१८ मध्ये आला. नाव बदललेल्या ग्राहकाने राजपत्रातील प्रसिद्धी, आधार व पॅन यांवरील दुरुस्ती उरकून मग बँकेत यावे आणि खात्यासोबत कार्डावरील नावही बदलून मागावे. खात्यातील नाव बदलले, की जुने कार्ड आपोआप बदलते असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. नवे कार्ड मागावे लागते.

समलिंगी जोडप्यांची गोष्ट वेगळी. दोघे पुरुष वा दोघी स्त्रिया फ्रिज घ्यावयास आल्या तर कोणी काही विचारत नाही. प्रश्न उभा राहतो तो एकत्र संसाराचा पैसा कोणाच्या नावे ठेवावा हा. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. मात्र संयुक्त खात्यास विवाहाचा दाखला कधीच लागत नव्हता. अशा व्यक्तींनी संयुक्त खाते उघडण्यावर किंवा जोडीदारास नामनिर्देशित करण्यावर कोणतेही बंधन नाही, असे रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले. मद्रास उच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये, विवाह हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नव्हे, असे मत नोंदविले.

विवाहाची मान्यता नसल्याची झळ सोन्याच्या खरेदीत अधिक बसते. अक्षय तृतीयेस टी. नगरच्या पेढ्यांवर रांगा लागतात. पतीने पत्नीस दिलेल्या दागिन्यावर तिला प्राप्तिकर लागत नाही. परंतु करकायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत समलिंगी जोडीदार बसत नसल्याने वर्षभरातील भेटींचे मूल्य ५०,००० रुपयांच्या वर गेले, तर ते घेणाऱ्याचे उत्पन्न धरले जाते. या तरतुदीस २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

नामनिर्देशनाविषयी एक गैरसमज तर सर्वच ग्राहकांत आढळतो. नामनिर्देशित व्यक्तीस बँक रक्कम सुपूर्द करते; त्यामुळे ती व्यक्ती त्या रकमेची मालक ठरत नाही. कायदेशीर वारस तिच्यावर हक्क सांगू शकतात. विवाहित जोडप्यात पती किंवा पत्नी बहुधा स्वतःच वारस असते, म्हणून हा भेद सहसा जाणवत नाही. समलिंगी जोडीदार वारसांत मोडत नाही, आणि वर्षानुवर्षे दुरावलेले भाऊबंद नेमके अशाच वेळी दारी येतात. म्हणून नामनिर्देशनासोबत मृत्युपत्रही करावे. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र आवश्यक असतात, आणि ज्यास मिळकत द्यावयाची त्याने स्वतः साक्षीदार न होणे बरे.