पाण्यावांचून हिरवळ

गोल्फ म्हणजे काठीनें चेंडू टोलवीत तो खळग्यांत घालण्याचा खेळ. खळग्याचा व्यास अवघा ४.२५ इंच, परंतु १८ खळग्यांच्या मैदानाची हिरवळ राखण्यास पाणी अपार लागतें. अवर्षणाच्या बीड जिल्ह्यास तें कोठून परवडावें? २०१६ सालीं धनेगांवचें मांजरा धरण आटलें, तेव्हां लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें.

मग येथील मुलांनीं गोल्फ खेळूंच नये काय? संगणकाच्या पडद्यावर ती सोय झाली आहे. १९८६ सालच्या ‘मीन एटीन’ या व्हिडिओ गेममध्यें स्वतःचें मैदान आंखतां येत असे. २०२० च्या ‘पीजीए टूर २के२१’ मध्येंही तशी योजना करण्यांत आली. वाळूचे खड्डे, तळीं, झाडें यांची मांडणी खेळणाराच करतो. बालाघाटासारखा उतार उठवावा, पायथ्याशीं खळगा ठेवावा, आणि चेंडू टोलवून पाहावा.

मग उमगतें कीं, अडथळा रचणें सोपें. धाडसी खेळाडूस जवळची व सावधास लांबची, अशा दोन वाटा राखणें कठीण. जेथें रचणाराच वाट चुकतो, तें मैदान पुसून पुन्हा आंखावें. पडद्यावरील तळें भरण्यास मांजरेचा थेंबही खर्चीं पडत नाहीं.