नोंदवहीतला शेवटचा रकाना



"क्षयरोग्यांची एवढी नोंद कशाला? गोळ्या दिल्या की काम झाले ना?" असे काही देणगीदार मला विचारतात. त्याचे हे उत्तर.

२०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक आहे, मग तो सरकारी दवाखान्यातला असो की खासगी. ही नोंद 'निक्षय' प्रणालीत होते. साध्या क्षयाला निदान सहा महिने औषध लागते. त्यानंतर शेवटच्या रकान्यात निकाल भरतात : बरा झाला, उपचार पूर्ण केला, गुण आला नाही, उपचार सुटला किंवा मृत्यू. उपचार चालू असताना कोणत्याही कारणाने माणूस गेला, तरी तो मृत्यूच धरतात.

नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूर भागात गोंड, कोलाम, आंध, प्रधान कुटुंबे राहतात. कोणी मजुरीला शेजारच्या आदिलाबादकडे जातो, कोणी ऊसतोडीला लातूरकडे. महिनाभरात खोकला कमी होतो, अंगात जोर येतो आणि रुग्ण कामाला निघतो. मग घराला कुलूप पाहून 'उपचार सुटला' असे लिहिले जाते. पण तो दुसरीकडे औषध घेत असेल, किंवा वारलाही असेल. आपल्याला कळलेच नाही, तर पुढच्याला वाचवायचे कसे? म्हणून मी आधीच मुक्कामाचे गाव आणि नातेवाइकाचा फोन लिहून घेते. निक्षय क्रमांक असला की उपचार दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही पुढे चालू ठेवता येतो.

दुसरी नोंद वजनाची. बरेच मृत्यू पहिल्या दोन महिन्यांतच होतात आणि कुपोषितांना धोका अधिक असतो. झारखंडमधील 'राशन्स' अभ्यासात (२०२३) असे दिसले की, दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्के कमी होता. चाळीस किलोच्या माणसाला हे म्हणजे फक्त दोन किलो!

सरकार पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये देते. आधी ५०० मिळत. त्याला तुमची जोड हवी. 'निक्षय मित्र' होऊन डाळ, तेल, शेंगदाणे यांचा शिधा तुम्ही सहा महिने देऊ शकता.

एक विनंती : रुग्णांसाठी प्रार्थना अवश्य करा, मात्र उपासनेत त्यांची नावे मोठ्याने घेऊ नका. नाव फुटले की लोक आजार लपवतात, आणि लपलेला आजार कोणत्याच वहीत येत नाही.